वढवाण्याच्या चिखलात कोणतं लपण उपयोगी: फोटोग्राफरांसाठी चार प्रकारांची पारख

लपण म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून फोटोग्राफर ज्याच्या आत बसतो तो कापडी आडोसा. ते विकणारा आधी कापडावरची पानं, फांद्या, वाळकं गवत असली छपाई दाखवतो. ती बाजूला ठेवा आणि मोजपट्टी काढा. खिडकीची खालची कड जमिनीपासून किती सेंटीमीटरवर आहे, हा आकडा आधी विचारा. बहुतेक जाहिरातींत उंची, वजन, माणसांची संख्या, सगळं असतं, पण नेमका हाच आकडा नसतो. वढवाणा तलाव आणि बडोद्याच्या आसपासच्या इतर पाणथळींवर फोटो बिघडतो तो यानेच.

हिशेब साधा आहे. तुतवार, म्हणजे चिखलात चरणारा छोटा पक्षी, १५ मीटरवर उभा आहे, त्याचं डोकं जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटरवर. लेन्स ११० सेंटीमीटर उंचीवर असेल, म्हणजे कॅम्पच्या खुर्चीत बसून जेवढी येते तेवढी, तर त्याच्या डोक्यावरून गेलेली नजर फक्त २.४ मीटर पुढे जाऊन चिखलाला टेकते. म्हणजे पक्ष्यामागे दिसतो तो जवळचाच चिखल, ढेकळांसकट. लेन्स ६० सेंटीमीटरवर आणली की ती नजर ५ मीटर पुढे टेकते, आणि ३० सेंटीमीटरवर आणली की थेट १५ मीटर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिलीमीटर आणि एफ ६.३ धरलं तर ११० च्या मानाने ३० सेंटीमीटर उंचीवरून मागचा चिखल सुमारे साडेतीन पट जास्त विरघळतो. त्याच लेन्सने, त्याच पक्ष्याचा. वढवाण्याच्या पाळीवर उभं राहून काढलेले फोटो सगळे एकसारखे का दिसतात, त्याचं उत्तर यात आहे.

वढवाणा तलाव बडोदा संस्थानाने १९१० साली सिंचनासाठी बांधला आणि २०२१ मध्ये तो रामसर यादीत गेला. हिवाळ्यात इथे कलहंस, पट्टकादंब, चक्रवाक आणि बदकं असतात, वारकरी म्हणजे कूट पक्ष्यांचे तर थवेच्या थवे. कडेच्या उथळ चिखलात शेकाट्या आणि तुतवार. डभोईच्या बाजूची काळी माती, उघडी कड आणि सकाळचा वारा, या तिन्ही गोष्टी लपणाची परीक्षा घेतात. खालची पारख या जागा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. कान्हा-रणथंभोरला जीपमधून फोटो काढणाऱ्याला यातलं फारसं लागू नाही.

आधी हबचं लपण, कारण सगळ्यात जास्त विकलं जातं तेच. चार भिंती आणि एक छत, प्रत्येकाच्या मधोमध प्लॅस्टिकचा किंवा धातूचा हब आणि त्यातून चारी कोपऱ्यांकडे जाणाऱ्या फायबर ग्लासच्या काड्या. हब बाहेर ओढला की भिंत टणकन ताठ होते. जमिनीवरची जागा साधारण १५० बाय १५० सेंटीमीटर, उंची १६५ ते १७०, वजन ६ ते १० किलो. प्रायमॉसचं डबल बुल याच जातीचं. आत उभं राहता येतं, पाय लांब करता येतात, चार तास निघतात. पण हे लपण मुळात शिकाऱ्यांसाठी बनलेलं आहे. खुर्चीत बसून धनुष्य ताणणाऱ्या माणसाच्या मापाची खिडकी, त्यामुळे पुष्कळ मॉडेलांत खालची कड ६० ते ८० सेंटीमीटरवर येते. लेन्स ३० सेंटीमीटरवर आणली तर समोर नुसतं कापड. आपल्या कामाला कड ३० च्या आत हवी. नसेल तर खालच्या भागात वेगळी चेनची चीर आहे का ते बघा. तीही नसेल तर हे लपण पाणवठ्यावरच्या नीलगायीसाठी ठेवा, तुतवारासाठी नको.

आतल्या जागेचाही हिशेब करून घ्या. हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं नळकांडं) लावलेली लेन्स आणि मागे कॅमेरा मिळून ६५ सेंटीमीटर. त्यामागे डोकं, पाठ, स्टूल धरून आणखी ६५. म्हणजे खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत १३० तरी हवेतच. पूर्ण उघडलेल्या ट्रायपॉडचे पाय मीटरभर पसरतात. तेव्हा पेटीवर ‘दोन माणसांसाठी’ लिहिलेलं असेल तर ते एक माणूस आणि एक ट्रायपॉड असं वाचायचं. ट्रायपॉडचा मध्य खिडकीपासून ३० सेंटीमीटर मागे असला आणि लेन्स दोन्हीकडे ३० अंश फिरवायची असली, तर खिडकीची रुंदी किमान ४७ सेंटीमीटर लागते. उभी अरुंद चीर असेल तर पक्षी दोन पावलं चालला की लेन्स कापडाला अडते, लपण हलतं आणि टिटवी ओरडायला लागते. टिटवी ओरडली की त्या कडेवरची पुढची वीस मिनिटं गेली असं धरा.

उभारताना आधी चारही भिंतींचे हब बाहेर ओढायचे आणि छत शेवटी आतून वर ढकलायचं. मोडताना छत आधी खाली, मग भिंती आत. घाईत दोघांनी दोन बाजूंनी एकदम ओढलं की काडी पिळली जाते आणि हबच्या तोंडाशी, धातूची टोपी बसवलेली असते तिथे, उभी चिरते. चिरलेल्या फायबर ग्लासला उघडा हात लावू नका, कुसळं आत जातात आणि दिसतही नाहीत. तात्पुरतं काम म्हणून चिरेवर घट्ट चिकटपट्टी गुंडाळून वर दोरा आवळला की एक सकाळ निभते. कायमचा उपाय म्हणजे त्याच जाडीची नवी काडी. त्यासाठी विकत घेतानाच काडीची जाडी मिलीमीटरमध्ये मोजून कुठेतरी लिहून ठेवा. दोन जादा काड्या ज्याच्यासोबत मिळतात ते मॉडेल थोडं महाग असलं तरी घ्यावं.

सोबत येणाऱ्या खुंट्या मात्र सरळ टाकून द्या. पेन्सिलीएवढ्या असतात. ओल्या काळ्या मातीत त्या लोण्यातल्या सुरीसारख्या बाहेर येतात आणि सुकलेल्या मातीत भेगेत शिरून नुसत्या उभ्या राहतात. २५ ते ३० सेंटीमीटरच्या, व्ही आकाराच्या लोखंडी पट्टीच्या खुंट्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून मिळतात. चार कोपऱ्यांना चार आणि वाऱ्याकडच्या भिंतीच्या हबला ताणाचे दोन दोर. सपाट भिंत म्हणजे शीडच ती. कापड ढिलं राहिलं की फडफडतं, आणि पक्ष्यांना छपाईपेक्षा ही फडफड आधी कळते.

दुसरा प्रकार स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा. पिशवीतून काढलं की स्वतःच उघडतं, म्हणून दुकानात फार आवडतं. घडी गोल होते, जेवणाच्या मोठ्या ताटापेक्षा मोठी. हब लपणाची घडी मात्र मीटरभराहून लांब असते. ॲक्टिव्हावर बडोद्याजवळच्या टिंबी तलावाला जाणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो: गोल घडी पाठीवर येते, लांबडी आडवी लागते. पण हा प्रकार मिटणं ही एक विद्या आहे. पट्टीला आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन दोन्ही वर्तुळं एकमेकांवर आणायची असतात. पीळ उलटा दिला तर पट्टी वाकते, आणि एकदा वाकलेली पोलादी पट्टी कधीच पूर्ववत होत नाही, मग लपण जन्मभर एका कुशीवर कलतं. गच्चीत दहा वेळा घडी घातल्याशिवाय बाहेर नेऊ नका आणि घडी घालताना तोंड लांब ठेवा. अमेरिस्टेपचं डॉगहाउस याच पद्धतीचं. वजनाला हलकं, वाऱ्याला कच्चं. ओढ्याकाठी, झुडपाच्या आडोशाला चांगलं, उघड्या पाळीला नाही.

खुर्चीचं लपण, म्हणजे घडीची खुर्ची आणि तिच्यावर घोडागाडीच्या टपासारखं मागून पुढे येणारं छप्पर, याबद्दल थोडक्यात. आरामशीर आहे, एका मिनिटात तयार होतं. पण लेन्स ११० सेंटीमीटरच्या आसपासच राहते, पुढे ट्रायपॉडचे पाय मावत नाहीत म्हणून मोनोपॉडवर भागवावं लागतं, आणि चिखलात खुर्चीचे पाय रुततात. वेडा राघू, नीलकंठ, खंड्या, अर्थात फांदीवर किंवा तारेवर बसणारे पक्षी, यांच्यासाठी घ्यायला हरकत नाही. चिखलासाठी नाही.

आता चौथा प्रकार, आणि आमचं मत विचाराल तर बडोदेकराने पहिलं लपण हेच घ्यावं: अंगावरून पांघरायचं. काड्या नाहीत, खुंट्या नाहीत, नुसतं कापड, त्याला लेन्सची बाही आणि बघायला जाळी. लेन्सकोटचं लेन्सहाइड हे यातलं नावाजलेलं. वजन एक-दीड किलोच्या आसपास, कॅमेऱ्याच्या बॅगेत जातं, आणि लेन्सची उंची तुम्ही ठरवाल ती. पालथे झोपा, पाटावर बसा, झाडाला टेकून बसा. दोष एकच पण मोठा: आत हललात की सगळं लपण हलतं. पाठीला रग लागते, मान वळवली तरी बाहेर दिसतं. दीड तासापलीकडे यात बसणं बहुतेकांना जमत नाही.

हे शिवूनही घेता येतं, आणि शिवलेलं विकतच्यापेक्षा मापाला बरं बसतं. दीड मीटर पन्ह्याचं कापड ५.६ मीटर घ्या. २.८ मीटरचे दोन तुकडे उभे जोडले की २.८ बाय ३ मीटरची चादर होते, बसलेला माणूस आणि ट्रायपॉड दोन्ही झाकायला पुरेशी. मंगळ बाजारात कापड निवडताना रंगापेक्षा चमक बघा. मेंदीचा किंवा मातकट, फिका, रखरखीत हाताचा पोत हवा. साटीनसारखी झाक असेल तर परत ठेवा. मागून मोबाइलचा टॉर्च धरा: प्रकाशाचा गोळा स्पष्ट दिसला तर बाहेरच्या पक्ष्याला तुमची सावलीही दिसणार. तेवढ्यासाठी पुढच्या अर्ध्या भागाला आतून काळं अस्तर लावायचं.

लेन्सचं भोक टेबलावर मोजून पाडू नका. ट्रायपॉडवर लेन्स लावा, ज्या उंचीवर बसणार त्या उंचीवर बसा, चादर अंगावर घ्या आणि दुसऱ्याकडून हूडच्या जागी खडूची खूण करून घ्या. बाहीचा घेर म्हणजे हूडचा घेर अधिक १० ते १२ सेंटीमीटर, लांबी किमान ४०, तोंडाला इलॅस्टिक. १५०-६०० जातीच्या झूमचा हूड ११-१२ सेंटीमीटर व्यासाचा असतो, म्हणजे घेर सदतीसच्या आसपास आणि बाही पन्नासला जाते. मोठ्या ६०० एफ ४ ला ही बाही पुरणार नाही, तिचं माप वेगळं घ्या. बाही आखूड झाली की लेन्स फिरवताना अख्खी चादर ओढली जाते. शिवून घेतलेल्या लपणांत सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. बघण्याची जाळी बाहीच्या १० ते १५ सेंटीमीटर वर, ४० बाय १५ ची, मच्छरदाणीची पण काळी. पांढऱ्या जाळीतून आतल्याला बाहेरचं धुरकट दिसतं आणि बाहेरून तीच चमकते. सगळ्या कडांना ओव्हरलॉक, आणि खालच्या कडेत पडद्यात घालतात ती शिशाची वजनं. शिंप्याला ‘पडदा आहे’ म्हणून सांगा, ‘लपण’ म्हटलंत तर अर्धा तास समजावण्यात जाईल.

फोटो कधीही जाळीतून काढू नका, कुठल्याच प्रकारात. काँट्रास्ट उतरतो, आणि जाळी लेन्सच्या तोंडापासून जरा लांब असली की ऑटोफोकस तिच्यावरच घुटमळतो. जाळी डोळ्यांसाठी, भोक लेन्ससाठी.

वेल्क्रोबद्दल वेगळं लिहायला हवं. पहाटेच्या शांततेत वेल्क्रो उघडण्याचा आवाज म्हणजे कुणीतरी धोतर टराटरा फाडावं तसा. खिडक्या वेल्क्रोने बंद होणारं लपण बाकी कितीही चांगलं असो, घेऊ नये. घेतलंच तर वेल्क्रो उसवून तिथे लाकडी बटणं आणि इलॅस्टिकचे फास लावून घ्या, तासाभराचं काम आहे. चेनला मेणबत्ती घासली की ती निमूट सरकते. हुक आणि फासाची खिडकी सगळ्यात उत्तम. लोहचुंबकाचीही चालते, फक्त चिखलातल्या लोखंडी खुंट्या तिला चिकटतात.

आतून लपण काळंच हवं, आणि मागची खिडकी बंदच हवी. गरम होतं म्हणून मागची उघडली की पुढून तुमचं डोकं कापून चिकटवल्यासारखं स्पष्ट दिसतं. हवेसाठी छताजवळची झडप बघून घ्या. ऑक्टोबरात दहा वाजल्यानंतर बंद लपणात बसवत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये तर सूर्योदयानंतरचे दोन तास, बस्स.

धुण्याची गोष्ट जवळजवळ कुणी सांगत नाही. बाजारातल्या बहुतेक पावडरींत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. पुष्कळ पक्ष्यांना अतिनील दिसतं, आणि तो निळा उजेड तर सगळ्यांनाच दिसतो. म्हणजे हिरवं लपण एकदा पावडरीने धुतलं की पहाटेच्या उजेडात ते पक्ष्यांसाठी उठून दिसू लागतं. तपासायला नोटा बघायचा जांभळा दिवा पुरतो. रात्री खोली अंधारी करून कापडावर धरा. निळसर पांढरी झळाळी आली तर नवं कापडसुद्धा परत करा, काही कापडांत ही द्रव्यं गिरणीतच घातलेली असतात. शिवणीचा पांढरा दोरा असाच चमकतो. धुवायचंच तर रिठ्याच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. एरवी चिखल सुकू द्यायचा आणि ब्रशने झाडायचा. थोडा राहिलेला चिखल शोभतोच.

बसायला छोटा लाकडी पाट न्या, स्वयंपाकघरातला जुना. पाच-सात सेंटीमीटर उंच, तळ सपाट, त्यामुळे चिखलात रुतत नाही, आणि त्यावर उशी घेता येते. लेन्स ३० ते ४० सेंटीमीटरवर आणायची तर मात्र पुढे बरंच वाकावं किंवा पालथं झोपावं लागतं. लेन्सखाली बीनबॅग. आत तांदूळ भरले तर दोन-अडीच किलो पुरतात, मोहरी सगळ्यात छान बसते पण महाग पडते. वाळू भरू नका, शिवणीतून धूळ गळते आणि लेन्सच्या झूम रिंगमध्ये शिरते. मुरमुरे तर अजिबात नकोत, प्रत्येक हालचालीला कुरकुरतात. तेच खाण्याचं: भाकरवडीचं पाकीट लपणात उघडायचं नाही. डबा न्या, आणि तोही स्टीलचा असेल तर फडक्यात गुंडाळून.

मगरींकडे दुर्लक्ष करू नका. विश्वामित्रीत आणि बडोदा जिल्ह्यातल्या कित्येक तलावांत त्या आहेत, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या शहरातल्या वस्तीत आल्या होत्या. परदेशी व्हिडिओंत पाण्याच्या अगदी कडेला पालथं पडून, किंवा तरंगत्या लपणात छातीभर पाण्यात उतरून फोटो काढतात. तरंगतं लपण इथे विकतही घेऊ नका. पांघरायचं लपण पाण्याच्या कडेपासून आठ-दहा मीटर मागे आणि काठ उतरता असेल तर त्याहून मागे. आतून फक्त पुढचं दिसतं हे लक्षात ठेवा, म्हणून मागे पाळीवर एक सोबती हवाच. तो आणखी एका कामाला येतो: दोघांनी मिळून लपणापाशी जायचं आणि एकाने सगळ्यांना दिसेल असं परत फिरायचं. बरेच पक्षी ‘माणूस गेला’ एवढंच धरतात आणि लवकर परततात. कावळा फसत नाही.

लपण कुठे लावायचं ते तलावावर वनखात्याच्या माणसाला विचारून, आणि शेतात लावायचं तर शेतकऱ्याला. जांबुघोड्यासारख्या अभयारण्यात फोटोग्राफीसाठी परवानगी लागते, आणि तिथे बिबटे आणि अस्वलं असल्याने कापडी भिंतीमागे बसणं शहाणपणाचं नाही. घरट्यासमोर लपण लावायचं नाही, सारसाच्या तर शेतातही नाही. आईबाप परतले तरी लपणाकडे जाणारी पायवाट पडते आणि मागून कुत्री येतात. रात्रभर लपण लावून ठेवलं तर पक्ष्यांना सवय होते हे पुस्तकात खरं आहे. इथे म्हशी त्याला पाठ घासतात आणि सकाळी दोर गायब असतात.

पार्सल आलं की परतीची मुदत संपायच्या आत गच्चीत ते पूर्ण उभारा. आत पाट, ट्रायपॉड, तुमचीच लेन्स. खालची कड मोजा, लेन्स दोन्हीकडे फिरवून बघा, प्रत्येक चेन आणि प्रत्येक खिडकी पाच-पाच वेळा उघडा. मग दुसऱ्याला पंधरा मीटरवर उभं करून विचारा की आतला माणूस कॅमेऱ्याचं बटण दाबतो तेव्हा कापड हलतं का. रात्री जांभळा दिवा. शेवटी घडी घाला, घड्याळ लावून, अंधारात. वढवाण्याला पहाटे पाच वाजता उजेड नसतो आणि पिशवीत परत जात नाही असं लपण तुम्हाला हातात धरूनच घरी आणावं लागतं.